पहाऱ्याची पाटी

सप्ताहाच्या मांडवात एखाद्या खांबाला पाटी टांगलेली असते. वीणेचा पहारा कुणाचा, किती ते किती, हे तिच्यावर खडूनं लिहिलेलं असतं. संध्याकाळी हरिपाठाच्या आसपास आपलं नाव लागावं म्हणून माणसं आदल्या दिवशीच येऊन सांगून जातात, कारण तेव्हा मांडव भरलेला असतो. रात्री दोन ते चारचा रकाना मात्र रिकामाच राहतो. वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते, एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते. म्हणजे दोन वाजता कुणीतरी लागतंच. पाटी लिहिणाऱ्याचा स्वतःचा आवाज बहुतेक वेळा बेताचा असतो. पण कुणाच्या शिवारात या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण तोंडावर ‘येतो’ म्हणतो आणि येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एवढं सगळं जुळवूनही दोन ते चार उरलंच, तर तिथं तो मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहितो.

व्हिडिओच्या सबटायटलना वेळ लावणारा आमचा एक स्वयंसेवी गट आहे. आधी तो सांभाळणाऱ्या ताई नोकरीच्या गावी गेल्या आणि जाताना ‘आता तुम्ही बघा’ एवढाच निरोप ठेवून गेल्या. त्या रात्री मला ही पाटी आठवली होती असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. मला आधी आनंद झाला, मग घाबरायला झालं, आणि पाटी आठवायला पुढं तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे चुकलं त्यातून आमच्या गटाची ही पुस्तिका झाली, आणि हे तिचं मनोगत.

चौसाळ्यात माझं शूटिंग-मिक्सिंगचं दुकान आहे. बीडहून धाराशिवकडे निघालं की मांजरसुंब्यानंतर महामार्गावर आमचं गाव लागतं. धुळे-सोलापूर रस्त्यानं रात्रंदिवस गाड्या वाहतात आणि दुकानाच्या काचा थरथरतात, त्यामुळं हेडफोन लावल्याशिवाय इथं काम होत नाही. धंदा लग्नांचा. लग्नाचं मिक्सिंग केलेल्याला टायमिंग निराळं शिकवावं लागत नाही, असा माझा समज होता. ‘सावधान’ ऐकल्यावर अक्षता पडायला हव्यात, पण मांडवातली निम्मी माणसं आधीच मूठ मोकळी करून पंगतीकडं बघायला लागतात. ती गडबड झाकून फिल्म नीट दिसायला लावायची, हे मी किती वर्षं करत आलो.

तो समज माझ्या भाच्यानं मोडला. तो जन्मापासून ऐकू शकत नाही. मी सबटायटल लावलेली एक विनोदी क्लिप त्याला कौतुकानं दाखवली. ती बघून त्यानं हातवारे करून विचारलं, माणसं आधीच का हसतात? माझी प्रत्येक ओळ सेकंदभर मागे होती. विनोद वाचून होईपर्यंत पडद्यावरची माणसं हसून गप्प झालेली असायची. मला ते कळलंच नव्हतं, कारण माझे कान ती उणीव भरून काढत होते. तेव्हापासून गटात आवाज बंद करून तपासणी सुरू झाली, ती आजही चालू आहे.

कोशात सबटायटलला उपशीर्षक म्हणतात. तसं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. आम्ही ‘सब’ म्हणतो, आणि त्याला वेळ लावणाऱ्याला ‘टायमर’. शेतीचे, आरोग्याचे, शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ आमच्याकडं येतात. काही मराठीच असतात आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली मराठी ओळ लागते. काही इंग्रजी असतात, त्यांना मराठी भाषांतर लागतं. लिहिणारे वेगळे, भाषांतर करणारे वेगळे. टायमर लोक ती ओळ कधी यावी आणि कधी जावी एवढंच ठरवतात. चांगलं झालेलं टायमिंग कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि यातून कुणाला काही मिळत नाही.

आपल्याकडं हे काम नवंही नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा चित्रांच्या मधे पाट्या येत होत्या. वाचणाऱ्याला पुरेल एवढा वेळ पाटी ठेवायची आणि कंटाळा येण्याच्या आत काढायची, हा हिशेब दादासाहेब फाळक्यांनाही करावाच लागला असणार.

टायमरनी खरं बघावं ते ब्रिज कोठारींचं काम. १९९६ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकताना ते स्पॅनिश सिनेमा बघत होते. ओळी इंग्रजीत होत्या. त्याच स्पॅनिशमध्ये असत्या तर स्पॅनिश शिकता आलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पुढं १९९९ मध्ये गुजरातेत दूरदर्शनवरच्या ‘चित्रगीत’मध्ये गुजराती गाण्यांखाली गुजराती शब्द लागले. गायक जो शब्द उच्चारतो त्याच शब्दाचा रंग त्याच क्षणी बदलायचा. नंतर ‘चित्रहार’ची पाळी आली, आणि काही वर्षांनी महाराष्ट्रात झी टॉकीजवरच्या मराठी सिनेमांनाही मराठी ओळी लागल्या. अर्धवट वाचता येणाऱ्या माणसाला नकळत वाचनाचा सराव व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. इथं टायमर ओळीला नव्हे, शब्दाला वेळ लावतो. रंग अर्धा सेकंद पुढं पळाला की कान एक शब्द ऐकतो आणि डोळा दुसराच वाचतो. मग सराव कसला व्हायचा?

दुसरी शाळा आयआयटी मुंबईची. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे धडे भारतीय भाषांत होतात, मराठीतही आहेत. धडा साधारण दहा मिनिटांचा. त्याची संहिता दोन रकान्यांची असते, डावीकडं वेळ आणि उजवीकडं निवेदन. पडद्यावरचं चित्र मूळ इंग्रजी धड्याचंच राहतं, मराठी आवाज त्यावर बसवायचा असतो. इंग्रजीत दोन शब्दांत सांगितलेल्या क्लिकला मराठीत अख्खं वाक्य लागतं, आणि तोवर बाण पुढच्या बटणावर गेलेला असतो. ते वाक्य बसवता बसवता मराठीतला एकेक फालतू शब्द गळून पडतो. ते मराठी धडे ऐकताना आपण किती पाणी घालून बोलतो ते मला कळलं.

नियम म्हणावेत तर थोडेच आहेत. ओळ बोलण्याबरोबर यावी आणि बोलणं संपल्यावर किंचित रेंगाळून जावी. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत एक सब कमीत कमी एका सेकंदाच्या पाच षष्ठांश आणि जास्तीत जास्त ७ सेकंद टिकतं. टेड भाषणांना सब लावणाऱ्या स्वयंसेवकांना सेकंदाला २१ अक्षरांची मर्यादा सांगितलेली असते. पण मराठीत अक्षर कशाला म्हणायचं? ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणक त्याचे सहा मोजतो: स, पायमोड, त, पायमोड, र आणि वेलांटी. त्यामुळं मराठी ओळ आरामात वाचता येत असली तरी सॉफ्टवेअर ती लाल दाखवतं. नवा टायमर त्या लाल रंगाला भिऊन चांगल्या वाक्याचे तुकडे करतो. आम्ही शेवटी असं ठरवलं की लाल दिसलं तर ओळ एकदा मोठ्यानं वाचायची. तेवढ्या वेळात वाचून झाली तर लाल राहू द्यायची.

दुसरा घोळ क्रियापदाचा. मराठी वाक्याचा जीव शेपटीत असतो. एका फाईलमध्ये एक ओळ अशी तुटली होती: ‘सरकार ही योजना बंद करणार’. पुढच्या सबमध्ये होतं: ‘नाही, असं मंत्री म्हणाले.’ वक्ता मधे श्वास घ्यायला थांबला होता आणि टायमरनं इमानदारीनं तिथंच ओळ तोडली. पुरते दोन सेकंद बघणाऱ्यांसाठी योजना बंद झाली होती. टायमिंग म्हणजे नुसतं घड्याळ लावणं नाही हे नव्या माणसाला सांगायला मी अजून हेच उदाहरण वापरतो.

तिसरी गोष्ट कानाची. आवाजाच्या आलेखात ‘ट’, ‘प’, ‘क’नं सुरू होणारा शब्द जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखा उभा दिसतो. ‘स’ आणि ‘ह’ मात्र दबक्या पावलांनी येतात. ‘हो’, ‘सांगतो’, ‘सोयाबीन’ असल्या शब्दांची सुरुवात डोळ्याला उशिरा दिसते. आलेख बघून टायमिंग करणारा माणूस हे शब्द हमखास उशिरा पकडतो. तिथं डोळे मिटून ऐकावं लागतं. आणि आमच्या बाजूच्या बोलण्यात शेवटचा शब्द पुष्कळदा निम्मा गिळलेला असतो, तेव्हा आऊट, म्हणजे ओळ जायची वेळ, कुठं द्यायचा यावर गटात भांडणं झालेली आहेत. पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण त्यावरच आहे.

आता त्या तीन महिन्यांकडं येतो.

प्रमुख झाल्यावर मी ठरवलं की आपल्या गटाच्या फाईली एकदम चोख जायच्या. सात जणांच्या फाईली रात्री यायच्या. लग्नाचं काम उरकलं की मी त्या उघडायचो आणि जिथं चुकलं असेल तिथं गुपचूप दुरुस्त करायचो. कुणाला सांगत बसायला वेळ लागतो, स्वतः केलं की पाच मिनिटांत होतं. पुन्हा वाईटपणाही येत नाही. सकाळी ग्रुपवर अंगठा आणि फूल टाकलं की सगळे खूश. फाईली खरोखर चांगल्या जात होत्या. आपल्याला हे नेतृत्व जमतंय असं वाटायला लागलं होतं.

मग मे महिन्याची लग्नसराई आली. सलग बारा दिवस मला फाईल उघडायलाच झालं नाही आणि त्या आल्या तशा पुढं गेल्या. फाईली जिथं जातात तिथून निरोप आला की तुमच्या गटाला अचानक काय झालं. झालं काहीच नव्हतं. गट होता तसाच होता. तीन महिन्यांपूर्वी जो पोरगा ‘ह’चे शब्द उशिरा पकडत होता, तो आताही तसेच पकडत होता. त्याला फोन करून मी समजावायला लागलो तर तो म्हणाला, “दादा, मग आधी कामून नाही सांगितलं? मला तर वाटलं माझं बरोबरच आहे.” त्याचं बरोबरच होतं. सकाळी त्याला माझा अंगठा दिसायचा.

गुपचूप दुरुस्ती ही नव्या प्रमुखाला लागणारी सगळ्यात गोड सवय आहे, आणि गट तिच्यानंच आतून पोखरतो, हे माझं ठाम मत झालं आहे. वरून ती कष्टाळूपणासारखी दिसते, नम्रतेसारखीही दिसते. प्रत्यक्षात ती सात जणांशी रोज बोललेलं खोटं असते. शिवाय त्यात एक छुपा अहंकार असतो, की शेवटचा हात माझाच. सप्ताहातला पाटी लिहिणारा दुसऱ्याचा पहारा कधी करत नाही. पहारेकरी झोपेला आला तर तो त्याला हलवून उठवतो, चहा देतो, पण वीणा त्याच्याच गळ्यात ठेवतो.

टेडचा अनुवाद प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. त्यात या गोष्टीचा विचार आधीच केलेला दिसतो. एकानं केलेलं काम दुसरा तपासतो, तपासणाऱ्यानं स्वतः आधी निदान ९० मिनिटांच्या भाषणांचं काम केलेलं असावं अशी अट असते, आणि बदल केले तर मूळ माणसाशी बोलणं अपेक्षित असतं. आम्ही त्यातलं आमच्या आवाक्यातलं घेतलं. एका फाईलवर फक्त तीन शेरे. प्रत्येकाला मिनिट-सेकंद आणि एक कारण. दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची. चौथी चूक दिसली तरी या खेपेला सोडून द्यायची. ही शेवटची अट पाळणं मला सगळ्यात जड गेलं. अजूनही जातं.

कारण देण्यावर एवढा भर का, त्यालाही एक प्रसंग आहे. तासाभराच्या एका माहितीपटाची ओळ सुरुवातीला बरोबर होती आणि हळूहळू मागे पडत शेवटी अडीच मिनिटांनी चुकत होती. गटातल्या एकानं दोन रात्री जागून सगळ्या ओळी, एकेक करून, हातानं पुढं ओढल्या. दुखणं एकच होतं. ओळी सेकंदाला २३.९७६ चौकटींच्या प्रतीवर बेतलेल्या होत्या आणि आमच्या हातात २५ चौकटींची प्रत होती. पहिलीतला तास दुसरीत साधारण साडेसत्तावन्न मिनिटांत उरकतो. एक गुणाकार, आणि सगळ्या ओळी जागेवर. सगळीकडं सारखाच उशीर असेल तर सुरुवात सरकवायची. उशीर वाढत जात असेल तर वेग जुळवायचा. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं, आणि मी आतापर्यंत त्याला फुलंच पाठवली होती. त्या दोन रात्रींचा हिशेब माझ्या नावावर आहे.

आमच्या जिल्ह्यात टोळी म्हटली की मुकादम आठवतोच. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमानं आधी उचल दिलेली असते आणि त्या उचलीवर त्याचा शब्द चालतो. स्वयंसेवी गटात उचल नसते. तरी आवाज मुकादमाचा लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो. रात्री अकराला ‘फाईल कुठाय?’ एवढे दोन शब्द मी ग्रुपवर टाकले होते. दोन जण सकाळी ग्रुपमधून बाहेर. एकाची परीक्षा होती. दुसरीच्या घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांसोबत शेतात. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, पाटी लिहिणाऱ्याला रात्रीची लाईट माहीत असते तसं.

टोळीकडून एक गोष्ट मात्र घेतली. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी, तसं आम्ही फाईल जोडीला देतो. एकानं वेळ लावायची, दुसऱ्यानं आवाज बंद करून बघायची, पुढच्या खेपेला उलट. मोठा व्हिडिओ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून वाटला की सांध्यावर हमखास दोन ओळी एकमेकींवर चढतात. जोडीनं काम केल्यापासून ते कमी झालं. का झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा शेजारच्या तुकड्यातली माणसं एकमेकांना फोन करायला लागली असावीत.

यंत्राविषयी लिहिलं नाही तर वाचक म्हणतील, हे कोणत्या जमान्यात आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर खुलं केलं आणि आवाज देताच वेळेसकट मराठी मजकूर मिळायला लागला. आम्ही ते वापरतो. कोऱ्या पानापासून सुरुवात करण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. पण शांततेवरही ते ओळ लांबवून ठेवतं, कधी नुसत्या संगीतावर कुणी न बोललेलं वाक्य लिहून देतं, आणि ‘करणार’ व ‘नाही’ यांची ताटातूट करताना त्याला काहीच वाटत नाही. यंत्राची फाईल दिसायला नीटनेटकी असते, म्हणून ती तपासताना डोळ्यावर झापड येते. नव्या माणसाला पहिले दोन महिने आम्ही यंत्राची फाईल देत नाही. त्याला आधी स्वतःच्या चुका भेटू द्याव्यात.

आमच्यासारख्या गटांची दारं कुणाच्या हातात असतात, तेही सांगून ठेवतो. २८ सप्टेंबर २०२० ला यूट्यूबनं प्रेक्षकांनी सब जोडायची सोय बंद केली. वापर कमी आणि गैरवापर जास्त, असं कारण दिलं. तेव्हापासून प्रत्येक चॅनेलवाल्याला वेगळं गाठून फाईल द्यावी लागते. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांना सबटायटल लावण्याची तरतूद आहे, कलम ४२. ते कलम आम्ही चॅनेलवाल्यांना पाठवतो. उत्तर येतंच असं नाही.

पुस्तिकेची मांडणी थोडी वेडीवाकडी आहे. सॉफ्टवेअर शेवटी आहे, कारण ते बदलत राहतं. अर्धा ‘ऱ्’ कुठल्या प्लेअरमध्ये मोडतो, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय काय सांडतं, हे मधेच एका पानावर कोंबलं आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर फुटलेला बघून ज्याला राग येतो त्याला ते पान सापडेल. पहाऱ्याच्या तक्त्याचा नमुना मात्र पहिल्याच पानावर दिला आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी स्वतः टायमिंग केलेली एक फाईल गटातल्या सगळ्यात नव्या मुलीकडं तपासायला पाठवली. ती बारावीला आहे, गटात येऊन तिला चार महिने झालेत. पाठवताना माझ्या मनात होतं की पोरीला एक चांगला नमुना बघायला मिळेल. दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. वर लिहिलं होतं, “दादा, नियमाप्रमाणं तीनच लिहिलेत. अजून आहेत, पण ते पुढच्या खेपेला.” पहिला शेरा ‘ह’चा होता.

चौसाळा, ता. जि. बीड